छोट्या धंद्यातल्या कामगारांसाठी परवडणारा आरोग्य विमा: कोणत्या क्रमाने काय करायचं

एजंटला फोन करायच्या आधी एक्सेलची एक शीट उघडा आणि कामावरच्या प्रत्येकाची एक ओळ भरा: आधार कार्डावर आहे तसंच नाव, जन्मतारीख, कामाला लागल्याची तारीख, महिन्याचा पगार, आणि घरात कोण कोण आहे ते. नवरा किंवा बायको, मुलं, आई-वडील, सगळ्यांची वयं लिहा. शेवटच्या रकान्यात रेशन कार्ड आहे का आणि कोणत्या राज्याचं, तेही टाका.

बरेच मालक ही शीट न करता थेट विचारतात, 'दहा माणसांचा मेडिक्लेम कितीला पडेल?' त्यावर मिळणारा आकडा अंदाजाचा असतो. शिवाय ज्यांना कायद्यानेच कव्हर मिळायला हवं, किंवा ज्यांच्या आई-वडिलांना सरकारी योजनेत फुकट उपचार मिळतात, त्यांचेही पैसे त्यात धरलेले असतात. खर्च आटोक्यात ठेवायचा तर आधी कायदा बघा, मग सरकारी योजना, आणि त्यातून जे उरेल तेवढ्यापुरतीच खासगी पॉलिसी घ्या.

समजण्यासाठी एक नमुना धरू: भोसरीतलं फॅब्रिकेशनचं युनिट, 14 माणसं, त्यातल्या 9 जणांचा पगार 21,000 च्या आत, 5 जणांचा वर.

पायरी 1: ईएसआय लागतं का ते तपासा

10 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतं. महाराष्ट्रात दुकानं आणि ऑफिसांसाठी बरीच वर्षं 20 चा आकडा धरला जायचा. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि आता देशभर 10 हाच आकडा आहे. जुन्या 20 च्या हिशोबावर बसू नका.

इथे एक चूक हमखास होते. मालक फक्त 21,000 पर्यंतचे कामगार मोजतो, ते 9 भरतात, आणि तो निर्धास्त होतो. मोजणीत सगळी माणसं येतात, ठेकेदाराकडून आलेलीही. त्यामुळे नमुन्यातल्या युनिटला ईएसआय लागू आहे. विमा मात्र त्या 9 जणांनाच मिळेल, कारण पगाराची मर्यादा महिना 21,000 आहे. अपंग कामगारांसाठी ती 25,000. एकदा लागू झालं की पुढे माणसं कमी झाली तरी ते चालूच राहतं.

वर्गणी मालकाकडून पगाराच्या 3.25 टक्के, कामगाराकडून 0.75 टक्के. 16,000 पगाराच्या माणसाचे महिन्याला मालकाचे 520 आणि त्याचे 120 रुपये जातात. म्हणजे मालकाला वर्षाला 6,240 रुपये. एवढ्यात कामगार, जोडीदार, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील यांचे उपचार येतात आणि खर्चाला वरची मर्यादा नाही. शिवाय आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम आणि बाळंतपणाला 26 आठवड्यांचा पगार मिळतो. मेडिक्लेममध्ये बुडालेला पगार मिळत नाही. या पैशात इतकं देणारी दुसरी गोष्ट बाजारात नाही, हे मान्य करूनच पुढे जावं.

दवाखान्यातली गर्दी, न मिळणारी औषधं, मोठ्या रुग्णालयाच्या रेफरलसाठी घालाव्या लागणाऱ्या फेऱ्या या तक्रारीही खऱ्या आहेत. पण 'आम्ही त्याऐवजी चांगला मेडिक्लेम देतो' हे उत्तर कायद्यात चालत नाही. देता येईल ते वरून द्या, ईएसआय टाळून नाही.

नोंदणी ईएसआयसीच्या, म्हणजे हे ईएसआय चालवणाऱ्या महामंडळाच्या, पोर्टलवर होते. पॅन, शॉप अ‍ॅक्ट किंवा कारखान्याचा परवाना, पत्त्याचा पुरावा आणि बँकेचा तपशील हाताशी ठेवा. युनिटला 17 अंकी कोड मिळतो, मग प्रत्येक कामगाराचा विमा क्रमांक काढायचा. वर्गणी पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरा. गडबड होते ती साधारण या ठिकाणी:

- दवाखाना कारखान्याजवळचा टाकला जातो आणि कुटुंब राहतं गावी. कुटुंबासाठी वेगळा दवाखाना नोंदवता येतो, तो पहिल्याच दिवशी नोंदवा.
- कुटुंबीयांचे तपशील भरायचे राहतात. बायकोला दवाखान्यात न्यायची वेळ आली की मग अकाउंटंटला फोन येतो.
- जूनमध्ये पगार 22,500 केला आणि त्याच महिन्यात कपात थांबवली, असं होतं. वर्गणीचे कालखंड दोन आहेत, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मध्येच मर्यादा ओलांडली तरी त्या कालखंडाच्या शेवटापर्यंत वाढीव पगारावर वर्गणी भरावी लागते.
- पगाराचे तुकडे करून बेसिक कमी दाखवायचं, हा जुना उपाय आता फारसा उरलेला नाही. वगळता येणारे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर जास्तीचा भाग वेतनातच धरला जातो.

माणसं 10 पेक्षा कमी असतील तरी मालक आणि बहुसंख्य कामगार तयार असल्यास स्वेच्छेने ईएसआयमध्ये जाण्याची तरतूद संहितेत आहे. कमी पगाराची सात-आठ माणसं असतील तर खासगी कोटेशनच्या आधी याचा हिशोब मांडून बघा.

पायरी 2: जे फुकट आहे ते आधी काढून घ्या

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि आता त्यासाठी पिवळं-केशरीच रेशन कार्ड हवं असं नाही, पांढरंही चालतं. अट अशी की उपचार योजनेच्या यादीतला आणि रुग्णालय योजनेला जोडलेलं असायला हवं. बायपास, कर्करोग, डायलिसिस अशा मोठ्या खर्चाला ही योजना खरी कामाची. साध्या तापाला किंवा तपासण्यांना तिचा उपयोग धरू नका. चौकशी 155388 वर करा. रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं.

70 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर 5 लाखांचं कव्हर आहे. ग्रुप पॉलिसीचा, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या एकत्र पॉलिसीचा, आकडा फुगतो तो मुख्यतः आई-वडिलांमुळे. तुमच्या शीटमध्ये 70 आणि त्यावरचे किती आहेत ते मोजा आणि त्यांची कार्डं काढून द्या. अर्धा दिवस जाईल, पण कोटेशनमध्ये फरक पडतो.

बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांचं रेशन कार्ड तिकडचं असतं. त्यांच्या कुटुंबाचं नाव आयुष्मान भारतच्या यादीत असेल तर ते कार्ड इथल्या जोडलेल्या रुग्णालयातही चालतं. गोव्यात पाच वर्षं राहिलेल्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे: तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला 2.5 लाख, त्याहून मोठ्याला 4 लाख.

अपघाताचं कव्हर आरोग्य विम्यात शोधू नका. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचं अपघात कव्हर मिळतं, वय 18 ते 70. सगळ्यांच्या बँक खात्यावर चालू आहे का बघा. वर्ष 1 जून ते 31 मे असं असतं, त्यामुळे मे अखेरीस खात्यात पैसे नसले की ते गुपचूप बंद पडतं.

पायरी 3: उरलेल्यांसाठी ग्रुप की वैयक्तिक

नमुन्यातल्या युनिटमध्ये आता 5 कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं उरली. ग्रुपसाठी कंपन्या साधारण किमान 7 चा आकडा मागतात. पण काहींना 7 कर्मचारी लागतात, काही कुटुंबीय धरून 7 जण चालवून घेतात. कोटेशन मागताना पहिला प्रश्न हाच करा. मालक किंवा भागीदार त्यात बसतो का, हेही लेखी घ्या.

ग्रुप पॉलिसीचा मोठा फायदा म्हणजे आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरून घेता येतात आणि वैद्यकीय तपासणी बहुधा लागत नाही. वैयक्तिक पॉलिसीत पहिले 30 दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, मोतीबिंदू-हर्निया-मुतखडा अशा ठरावीक आजारांना साधारण 24 महिने थांबावं लागतं, आणि आधीच्या आजारांना 36 महिन्यांपर्यंत.

उलट बाजूला कर आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम) आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, ग्रुप पॉलिसीवर मात्र 18 टक्के आहेच. 60,000 हप्ता असेल तर 10,800 वर जातात, आणि कायद्याने विमा देणं बंधनकारक नसेल तर त्याचं इनपुट क्रेडिटही, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. म्हणून तुलना नेहमी करासकट आकड्यांची करा. एजंट पाठवतात त्या कागदावर बऱ्याचदा 'जीएसटी वेगळा' एवढंच बारीक लिहिलेलं असतं.

आमचं मत असं: पाच-सहाच माणसं, सगळी पस्तिशीच्या आत आणि धडधाकट असतील तर प्रत्येकाला त्याच्या नावाची पॉलिसी घेऊन द्या. नोकरी सोडली तरी ती त्याच्याकडे राहते. पण एखादा 48 वर्षांचा मधुमेही सुपरवायझर असेल, किंवा कुणाच्या घरी वर्षभरात बाळंतपण असेल, तर ग्रुपच बघा.

वैयक्तिकमध्ये तुलना सोपी करायची तर आरोग्य संजीवनी मागा. ही सगळ्या कंपन्यांची एकसारख्या अटींची पॉलिसी आहे, त्यामुळे हप्ता आणि जवळची रुग्णालयं एवढंच बघायचं. तिच्यात 5 टक्के को-पे आहे, म्हणजे मंजूर बिलाचे 5 टक्के आपल्या खिशातून. रूमला विमा रकमेच्या 2 टक्के, जास्तीत जास्त दिवसाला 5,000.

सात माणसं भरत नाहीत म्हणून मेहुण्याचं किंवा शेजाऱ्याचं नाव कर्मचारी म्हणून घुसवू नका. क्लेमच्या वेळी पगाराचा पुरावा मागतात, आणि तिथे अडकलं की सगळ्या ग्रुपचेच क्लेम बारकाईने तपासले जातात.

पायरी 4: कोटेशन मागवणं आणि वाचणं

तीन ठिकाणांहून मागवा: एक सरकारी कंपनी (न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल किंवा युनायटेड इंडिया), एक खासगी, आणि एक ब्रोकरमार्फत. तिघांना तीच शीट आणि तीच मागणी द्या, नाहीतर तुलना होणार नाही. मागणी अशी लिहा: 'कर्मचारी, जोडीदार, 2 मुलं, कुटुंबाला 3 लाख, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून, 30 दिवसांची अट माफ, बाळंतपण धरून आणि सोडून असे दोन दर.' आई-वडिलांचा दर वेगळ्या ओळीत मागा. ज्याला हवा त्याने फरक भरावा, असं ठरवता येतं.

दर प्रति व्यक्ती आहे की प्रति कुटुंब, हे स्पष्ट करून घ्या. मग हप्ता बाजूला ठेवून अटी वाचा. सगळ्यात जास्त फटका बसतो तो रूम भाड्याच्या अटीचा, आणि नव्या माणसाला तो बिल हातात पडेपर्यंत कळत नाही.

समजा विमा 3 लाखांचा, रूम भाडं विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे दिवसाला 3,000. कर्मचाऱ्याने 5,000 ची खोली घेतली, चार दिवस राहिला. त्याला वाटतं, रोजचे 2,000 जास्त, म्हणजे आपल्याला 8,000 भरावे लागतील. प्रत्यक्ष हिशोब असा होतो. बिल दीड लाखाचं: रूम 20,000, सर्जन-ऑपरेशन थिएटर-डॉक्टर व्हिजिट मिळून 90,000, औषधं आणि तपासण्या 40,000. रूमचे 12,000 मंजूर, म्हणजे 60 टक्के. खोलीच्या दर्जाप्रमाणे रुग्णालय बाकीचे दरही चढे लावतं, म्हणून 90,000 लाही तेच 60 टक्क्यांचं प्रमाण लावून 54,000 मंजूर. औषधं-तपासण्यांना ही कात्री लागत नाही, ते 40,000 पूर्ण. एकूण मिळाले 1,06,000 आणि खिशातून गेले 44,000. हातमोजे, सिरिंजसारख्या किरकोळ वस्तूंची वजावट अजून वेगळी.

म्हणून रूमची मर्यादा नसलेली 3 लाखांची पॉलिसी ही 1 टक्क्याची मर्यादा असलेल्या 5 लाखांच्या पॉलिसीपेक्षा बऱ्याचदा जास्त कामाची ठरते. 'सिंगल प्रायव्हेट रूम' असं लिहिलेलं असेल तर उत्तम. पैसे कमी करायचेच असतील तर 10 टक्के को-पे घ्या. तो निदान आधी सांगता येतो.

बाकीच्या गोष्टी भराभर बघा: भरतीआधीचे 30 आणि नंतरचे 60 दिवस धरलेत का, मोतीबिंदू-गुडघे-हर्नियाला वेगळ्या मर्यादा आहेत का, बाळंतपणात नॉर्मल आणि सिझेरियनला किती आणि नवजात बाळ पहिल्या दिवसापासून आत आहे का. रुग्णालयांची यादी 'देशभर हजारो' अशी वाचू नका. तुमच्या माणसांच्या घराजवळची चार रुग्णालयं काढा आणि त्यांच्या बिलिंग काउंटरला फोन करून विचारा, या कंपनीचं कॅशलेस आत्ता चालू आहे का. वेबसाइटवर नाव असतं आणि काउंटरवर 'सध्या बंद आहे' म्हणतात, हे नवीन नाही.

पायरी 5: पैसे भरणं आणि पॉलिसी चालवणं

हप्ता कंपनीच्या खात्यात बँकेतूनच भरा. रोख भरलेला हप्ता धंद्याचा खर्च म्हणून वजा मिळायला अडचण येते. पैसे कंपनीला पोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. चेक वटला नाही तर कव्हरही नाही. एकल मालकीच्या धंद्यात मालकाच्या स्वतःच्या कुटुंबाचा हप्ता हा घरखर्च धरला जातो. तो सीएशी बोलून वेगळा ठेवा.

ई-कार्डं आली की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. प्रत्येकाला बसवून नाव, जन्मतारीख आणि नातं आधारशी ताडून बघायला लावा. बायकोचं नाव कार्डावर सासरचं आणि आधारवर माहेरचं, एवढ्या फरकाने रात्री अकरा वाजता कॅशलेस अडतं.

नवा माणूस लागला की त्याच महिन्यात कंपनीला कळवा, सोडून गेला की लगेच काढा. त्यासाठी कंपनीकडे सीडी खातं, म्हणजे आगाऊ ठेव, असते. नव्या माणसाचा उरलेल्या दिवसांचा हप्ता त्यातून वळता होतो. ही ठेव संपली की नावं चढत नाहीत आणि कुणी ओरडतही नाही. लग्न किंवा बाळ झालं तर 30 दिवसांच्या आत नाव द्या. एरवी पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं.

कामावर झालेल्या इजेची कायदेशीर भरपाई ही मेडिक्लेमच्या बाहेरची गोष्ट आहे. ईएसआयमध्ये नसलेल्या कामगारांसाठी कर्मचारी भरपाईची वेगळी पॉलिसी लागते. वेल्डिंग, प्रेस, लाकूडकाम असेल तर ती याच बैठकीत घेऊन टाका.

पायरी 6: क्लेम

ठरलेलं ऑपरेशन असेल तर 48 तास आधी, अचानक भरती झाली तर 24 तासांच्या आत टीपीएला, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम हाताळणाऱ्या संस्थेला, कळवा. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आहे आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी. उशीर होत असेल तर हा नियम सांगून वेळेची लेखी नोंद मागा.

कॅशलेस न मिळाल्यास मूळ बिलं, पावत्या, डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या जमवा. मूळ कागद देण्याआधी सगळ्यांचे फोटो काढून ठेवा. निव्वळ तपासण्यांसाठी भरती दाखवलेले क्लेम नाकारले जातात, आणि बहुतेक उपचारांना 24 तास भरती लागते. मोतीबिंदू, डायलिसिससारखे डे-केअर उपचार अपवाद.

नाकारलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, मग विमा नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा 155255 वर. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ग्रुप पॉलिसीच्या तक्रारीही चालतात. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं.

पायरी 7: नूतनीकरण

60 दिवस आधी कंपनीकडून क्लेमचा तक्ता मागवा. वर्षाचा हप्ता 1,20,000 आणि क्लेम 1,50,000 असतील तर दर वाढणारच, भांडून उपयोग नाही. तेव्हा काय कापायचं ते बघा: आई-वडिलांना 10 किंवा 20 टक्के को-पे लावा, ज्यांच्याकडे बाळंतपणाची गरज उरली नाही त्यांच्यासाठी वेगळा दर मागा. पहिल्या वर्षी अगदी स्वस्त दर देऊन दुसऱ्या वर्षी दुप्पट मागण्याचे प्रकार होतात, म्हणून दरवर्षी दुसरं एक कोटेशन मागवाच. तारखेत एक दिवसाचाही खंड पडू देऊ नका.

नोकरी सोडणाऱ्या माणसाला शेवटच्या पगाराच्या पाकिटासोबत एक गोष्ट सांगा: ग्रुपमधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीच्या आजारांसाठी थांबायच्या मुदतीत ग्रुपमध्ये काढलेला काळ मोजला जातो. अर्ज मात्र कव्हर संपायच्या आधी करावा लागतो, आणि त्यासाठी जुन्या पॉलिसीच्या प्रती लागतात. त्या मालकाच्या फायलीत असतात, तेव्हा काढून हातात द्या.